कॉलेजवाल्यांना आधी वर्कशॉप उघडायला लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

दहावीचा निकाल लागला की माझ्या शॉपवर दोन दिवसाआड कोणतरी पोराला घेऊन येतंय, इंजिनिअरिंग डिप्लोमाला कुठं घालू विचारायला. मी काय मास्तर नाही, कोल्हापूरच्या उद्यमनगरात 22 वर्षं मशीन शॉप चालवतोय, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांचं कास्टिंग आमच्याकडं मशीनिंगला येतं. पण कामावर पोरं घेताना कोण काय शिकून आलंय ते मला जवळनं दिसतं, म्हणून सगळ्यांसाठी एकदाच लिहितोय, जमलं तर प्रवेशाच्या तारखा संपायच्या आत छापा.

मागं एक पोरगा मुलाखतीला आला, मेकॅनिकल डिप्लोमा, 80 टक्क्यांच्या वर मार्क. टेबलावरचा एक बुश, म्हणजे नळीसारखा गोल पार्ट, आणि माप घ्यायचं व्हर्निअर त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, बाहेरचा डाया म्हणजे व्यास माप. त्यानं आतलं माप घ्यायचे वरचे बारके जबडे बाहेरनं लावायला घेतले, मग स्वतःच गोंधळला, उलटं केलं, मेन स्केलवर 38 वाचलं आणि थांबला. पुढं 0.02 मिलिमीटरनं वाचायचं असतं, कुठली रेघ कुठल्या रेघेला जुळते ते बघायचं असतं, हे त्याला कुणी हातात धरून शिकवलेलंच नव्हतं. विचारल्यावर खरं बोलला बिचारा, म्हणाला सर, आमच्याकडं लेथ दोनच, त्यातल्या एकाची मोटर जळलेली, प्रॅक्टिकल आम्ही मागच्या बॅचच्या वहीतनं उतरून काढायचो. तीन वर्षं, सहा सेमिस्टर, बापानं सोसायटीचं कर्ज काढून फी भरलेली. पोरगं हुशार आहे, मी ठेवून घेतलं, दोन महिन्यांत माप घ्यायला लागलं. पण मग ती तीन वर्षांची फी नेमकी कशाची घेतली हा प्रश्न माझ्या डोक्यातनं जात नाही.

म्हणून माझं पहिलं आणि खरं म्हणजे एकच सांगणं आहे, बिल्डिंग, बाग, एसी ऑडिटोरियम बघून परत येऊ नका, वर्कशॉप उघडून दाखवा म्हणा. किल्ली नाही, सर रजेवर आहेत असं म्हटलं तर उद्या येतो म्हणा आणि खरंच जा. आत गेल्यावर लेथ मोजा आणि एका बॅचला किती पोरं ते विचारा. लेथच्या खालच्या ट्रेमध्ये बर, म्हणजे कापलेल्या लोखंडाचा चुरा, आहे का बघा, बेडवर बोट फिरवून बघा, तेल लागलं तर मशीन चालतंय, गंज नाहीतर धूळ लागली तर समजून जा. सीएनसीच्या, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनच्या, स्क्रीनवरचं प्लास्टिक अजून तसंच असेल तर ते मशीन पोरांसाठी नाही, तपासणीला येणाऱ्या कमिटीसाठी घेतलंय. कॉम्प्युटर ब्रँच असेल तर लॅबमधले चार पीसी चालू करून दाखवायला सांगा, लाजायचं कारण नाही, आपण म्हैस घेताना धार काढून बघतोच की.

मग गेटवरच्या चहाच्या गाड्यावर थांबा आणि शेवटच्या वर्षाच्या पोरांना विचारा, वर्कशॉपमधला जॉब, म्हणजे प्रॅक्टिकलचा पार्ट, स्वतः केलास का, मास्तर टिकतात का दर सेमिस्टरला बदलतात. प्लेसमेंटचे बोर्ड तावडे हॉटेलपासून दिसायला लागतात, पण त्यातले किती जण अप्रेंटिस म्हणून एका वर्षासाठी घेतलेले आणि सहा महिन्यांनी किती जण तिथंच आहेत ते बोर्डावर नसतं, ते ही पोरंच सांगतात. आणि कॉलेजवाले एनबीए, म्हणजे दर्जाचं मानांकन, आहे म्हणाले तर कुठल्या ब्रँचला आणि कधीपर्यंत ते विचारा, कारण ते मानांकन ब्रँचला असतं, अख्ख्या कॉलेजला नसतं.

आता कागदांचं सांगतो, कारण यात आमच्या घरचीच माणसं अडकली. बहिणीचा पोरगा, गारगोटीचा. निकालाच्या दुसऱ्याच दिवशी एका खाजगी कॉलेजचा माणूस घरी आला, सीट फुल होणार म्हणाला, 10 हजार घेतले, पावती दिली नाही आणि शाळेचा दाखला, दहावीचं मार्कलिस्ट सगळं ओरिजिनल घेऊन गेला. पुढं कॅप राउंडला, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन प्रवेश फेरीत, पोराला सरकारी पॉलिटेक्निकची सीट लागली, पाहिजे ती ब्रँच. त्या खाजगी कॉलेजात कागद आणायला गेलो तर तीन दिवस बाकावर बसवून ठेवलं, अख्ख्या वर्षाची फी भरा मग कागद न्या म्हणाले. तोवर रिपोर्टिंगची तारीख गेली. त्या रात्री बहीण जेवली नाही. नियम आम्हाला नंतर कळला, एआयसीटीई, म्हणजे तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद, स्पष्ट सांगते की कॉलेजला ओरिजिनल कागद अडवून ठेवता येत नाहीत आणि मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला तर जास्तीत जास्त 1000 रुपये कापून बाकी फी परत द्यायची असते. हे तेव्हा माहीत असतं तर मी तिथं नियम दाखवून भांडलो असतो. कागद तपासणी सुविधा केंद्रावर होते आणि ओरिजिनल बघून परत देतात, घरी येऊन मागणाऱ्याच्या हातात काहीही देऊ नका. पावतीशिवाय पैसे मागितले तर डोनेशन घेणं 1987 च्या कायद्यानं गुन्हा आहे हे तोंडावर सांगा.

फीचंही लोकांना कळत नाही. शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर प्रत्येक खाजगी कॉलेजची मंजूर फी असते, ती मोबाइलवर काढूनच ऑफिसात जा. उत्पन्न 8 लाखाच्या आत असेल तर टीएफडब्ल्यूएसचे, म्हणजे ट्यूशन फी माफ असलेल्या सीटचे, कोड ऑप्शन फॉर्ममध्ये (कॉलेजांची पसंती भरायचा फॉर्म) वेगळे भरावे लागतात, नंतर मागून मिळत नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे, निम्मी ट्यूशन फी सुटते, आणि 2024 पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसीतल्या 8 लाखाच्या आतल्या घरच्या मुलींची पूर्ण ट्यूशन फी आणि परीक्षा फी सरकार भरतंय. पण हे सगळं कॅपमधनं प्रवेश घेतला तर, मॅनेजमेंट कोट्यातनं गेलात की हे काहीच लागू नाही, आणि घरी येणारा माणूस नेमकं हेच सांगत नाही. ज्या महाराजांनी गरिबाच्या पोरांसाठी या गावात बोर्डिंगं काढली त्यांच्याच नावाची सवलत आपल्या पोरांना नुसत्या माहितीअभावी मिळू नये, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ऑप्शन फॉर्म सायबर कॅफेवाल्यावर सोडू नका. पहिल्या नंबरला टाकलेलं कॉलेज लागलं की सीट आपोआप फ्रीझ होते, पुढच्या राउंडला जाता येत नाही, म्हणून जे वर्कशॉप स्वतः बघितलंय तेच एक नंबरला टाका. उत्पन्नाचा दाखला आणि नॉन क्रीमी लेअर आजच काढायला टाका, जूनमध्ये तहसीलला लय गर्दी असते.

आपला,
एक मशीन शॉपवाला,
उद्यमनगर, कोल्हापूर