बाबांच्या गुडघ्याला झेपेल असा किल्ला

ति. आई-बाबांस,
सा. न.

व्हॉट्सॲपवर लांबलचक टाकलं की बाबा नुसता अंगठा पाठवून मोकळे होतात, म्हणून हे पत्र. आई, झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून घे.

मागच्या रविवारी बाबा फोनवर म्हणाले ना, "तिथं येऊन आम्ही काय करणार, तू ऑफिसात आणि आम्ही खिडकीत", ते काही माझ्या डोक्यातून गेलं नाही. म्हणून शनिवारी सकाळी न्यूकॅसलहून बस पकडली आणि इंग्लंडच्या उत्तरेकडच्याच वॉर्कवर्थ नावाच्या गावाला जाऊन आले. मजा म्हणून नाही हां, पाहणीला. बाबा कालव्याच्या सर्व्हेला जायचे तशी, फक्त माझ्याकडे साखळीच्या जागी फोन.

गाव एवढंसं आहे. कोकेट नावाची नदी येते आणि गावाला तिन्ही बाजूंनी घोड्याच्या नालेसारखा वळसा घालते, आणि नालेचं जे उघडं तोंड राहतं ना, बरोब्बर तिथं उंचवट्यावर किल्ला. म्हणजे तीन बाजूंना नदी पहारा देणार आणि चौथीकडे किल्लेवाले बसणार. किल्ल्यापासून एकच मोठा रस्ता उतरत खाली चर्चपर्यंत जातो, दोन्हीकडे घरं, घरांमागं लांब चिंचोळ्या परसबागा थेट नदीच्या बाजूला उतरलेल्या. ही आखणी मध्ययुगातली, अजून तशीच. आपल्याकडे रस्ता रुंदीकरणात कधीच गेली असती.

तर वाट अशी. किल्ल्यामागून खाली नदीवर उतरायचं आणि मग पाणी सोडायचंच नाही, गावाला फेरी मारत चर्चमागून जुन्या पुलापाशी यायचं, तिथून पलीकडच्या अंगानं परत किल्ल्याकडे. फोननं अडीच किलोमीटरच्या आसपास दाखवलं. मी मुद्दाम बाबांच्या स्पीडनं चालले, प्रत्येक बाकावर बसत, तरी दीड तासात झालं. बाबा, तुम्ही अजिंक्यतारा रोज चढायचात त्याच्या पुढं हे काहीच नाही, आणि आत्ताच्या गुडघ्यालासुद्धा जमेल, दोन जागा सोडून.

त्या दोन जागा आधीच सांगते, नंतर मला बोल नको. पहिली ती उतरण, तिथं चिखल होता आणि मी चांगली बसकण मारली. लागलं नाही, आई, पँट धुवायला टाकली एवढंच. पाऊस झाला असेल तर आपण ती वाट घ्यायचीच नाही, गावातल्या रस्त्यानं उतरायचं. दुसरी म्हणजे शेवटचा चढ. लहानच आहे, पण चालून दमल्यावर येतो.

नदीकाठी मात्र इतकं शांत होतं की माझाच श्वास ऐकू येत होता. समोरून येणारा प्रत्येक जण, ओळख ना पाळख, "मॉर्निंग" म्हणणार म्हणजे म्हणणार, कुत्रीसुद्धा थांबून बघतात. आई, तुला तर इथं तासाभरात चार मैत्रिणी मिळतील, भाषा येवो न येवो.

आता पूल, हा खास बाबांसाठी. चौदाव्या शतकाच्या शेवटाचा, दगडी, दोनच कमानी, आणि गावाच्या टोकाला पुलावरच एक बुरूज, त्याच्या पोटातून वाट. म्हणजे पुलालाच दरवाजा. मधल्या खांबाला टोक काढलंय, पाणी दुभंगून जावं म्हणून. तुम्ही माहुलीला घाटावर बसून मला हेच समजावून सांगत होतात आणि मी कणीस खात होते, लक्षातच नव्हतं घेतलं. १९६५ ला शेजारी नवा पूल झाला, तेव्हापासून जुन्यावर फक्त चालणारे. भरती-ओहोटीचं पाणी इथवर येतं, समुद्र दीड-दोन किलोमीटरवर आहे ना. पुलापुढं नदीकाठच्या रस्त्याला 'बट्स' म्हणतात, म्हणजे पूर्वी जिथं तिरंदाजीचा सराव चालायचा ती जागा.

किल्ला पर्सी घराण्याचा. १४०५ मध्ये चौथा हेन्री राजा तोफा घेऊन चालून आला आणि सात गोळ्यांत यांनी किल्ला देऊन टाकला. सात! बाबा, आता तुम्ही रामशेज सुरू करणार, माहितीये मला. पण वरची मुख्य इमारत बघण्यासारखी आहे, वरून पाहिली तर अधिक चिन्हासारखी, आणि मधोमध आरपार एक झरोका. त्यातून खालपर्यंत उजेड तर येतोच, पण पावसाचं पाणीही त्यातूनच खाली टाकीत साठवायचे आणि ते संडास धुवायला सोडायचे. सहाशे वर्षांपूर्वी! मी त्या झरोक्याच्या तळाशी उभी राहून वर बघत होते तर कपाळावर एक थेंब पडला. आत जिने अरुंद आहेत, बाबांनी वर चढायचं नाही, आई आणि मी जाऊन येऊ, तुम्ही खाली हिरवळीवर. एप्रिलमध्ये टेकाडभर पिवळे डॅफोडिल आहेत, तुम्ही जूनमध्ये याल तेव्हा नसतील, त्याला इलाज नाही.

अजून एक राहिलं. नदीच्या पलीकडे कड्यात कोरलेलं एक छोटं देऊळ आहे, म्हणजे चॅपल, साधारण १४०० च्या सुमाराचं, तिथं एक संन्यासी राहायचा. जायला पूल नाही, वल्ह्याची होडी, तीही ठरावीक दिवशीच. मी गेले तेव्हा बंद. फोटोत बघितलं तर छताला कमानीच्या फासळ्या दगडातच कोरल्यात, नुसत्या दिसायला, अजिंठ्याला दगडात वासे कोरलेत ना अगदी तसं. आई, होडीचा दिवस बघूनच आपण जाऊ, चालेल?

बाकांबद्दल सांगायचं राहिलं. मी मोजले, सात. बऱ्याच बाकांवर पितळी पट्टी असते, कोणा गेलेल्या माणसाचं नाव आणि यांना ही जागा फार आवडायची वगैरे. एका पट्टीवर दोघांची नावं होती, तिथं मी डबा उघडला, तुझ्या पद्धतीचं थालीपीठ, जमलं नव्हतं, कडा वातड झाल्या. भाजणी येताना दोन किलो तरी आण. हॉटेलात स्कोन मिळतात पण बाबा चार घास खाऊन "केक शिळा आहे" म्हणतील.

तर आता खिडकीत बसायचा विषय संपला. बाबा, काठीच्या खालचं रबर झिजलंय, ते बदलून घ्या, आणि रोज संध्याकाळी सपाटीवर अर्धा तास चालायला लागा. आई, दोघांच्या पासपोर्टची शेवटची तारीख बघून कळव, गोदरेजच्या कपाटात वरच्या कप्प्यात आहेत, लाईट बिलांच्या फायलीखाली.

तुमची,
मनू