क्लबांची दुपारची पंगत एवढ्यात नको, वक्ते मात्र जिल्ह्यातलेच हवेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जळगाव-भुसावळ परिसरातील रोटरी, लायन्ससारख्या काही सेवाभावी क्लबांमध्ये, कोरोनामुळे जवळपास वर्षभर पडद्यावर (ऑनलाइन) भरणाऱ्या सभा मार्चपासून पुन्हा हॉटेलच्या सभागृहात, भोजनासह घ्याव्यात असा विचार सुरू आहे. अशाच एका क्लबचा जुना सभासद या नात्याने मला यामागची ओढ कळते. तरीही हा निर्णय निदान एप्रिल सरेपर्यंत लांबणीवर टाकावा, आणि दरम्यानच्या पडद्यावरील सभांना कोणाला बोलवायचे याचा नव्याने विचार व्हावा, यासाठी हे पत्र.

दुपारचे जेवण ही या चळवळीची जुनी परंपरा आहे, हे मान्यच आहे. पॉल हॅरिस यांनी १९०५ मध्ये शिकागोत रोटरीची सुरुवात केली ती व्यावसायिकांच्या भेटीगाठींतून, आणि १९१७ मध्ये लायन्सची मुहूर्तमेढ रोवणारे मेल्विन जोन्स हे त्याच शहरात दुपारच्या जेवणाला जमणाऱ्या व्यापारी मंडळाचे सभासद होते. मात्र परंपरा म्हणजे नियम नव्हे. रोटरीने २०१६ मध्येच सभांचे नियम सैल करून महिन्यातून किमान दोन सभा पुरेशा ठरवल्या आणि ऑनलाइन सभेलाही मान्यता दिली. म्हणजे महामारी येण्यापूर्वीच ही वाट मोकळी झाली होती.

हॉटेलांना निम्म्या क्षमतेने परवानगी आहे, मग हरकत काय, असे विचारले जाते. हरकत अशी की जेवताना मास्क काढावाच लागतो, आणि आपल्याकडे मार्च उजाडला की दारे-खिडक्या लावून वातानुकूलन यंत्र सुरू होते. चीनमधील ग्वांगझू येथील एका उपाहारगृहात जानेवारी २०२० मध्ये शेजारशेजारच्या टेबलांवर बसलेल्या तीन कुटुंबांतील दहा जणांना लागण झाली, आणि त्या ठिकाणी वातानुकूलन यंत्राच्या झोताबरोबर विषाणू पसरला असावा, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. आपल्या सभांमध्ये याहून एक गोष्ट अधिक असते. प्रमुख पाहुणे अर्धा तास उभे राहून मोठ्याने बोलतात आणि पुढच्या रांगेत नेमके सर्वात ज्येष्ठ सभासद बसलेले असतात. शेजारच्या विदर्भात, अमरावती-अकोल्यात, रुग्ण कसे वाढले हे आपण याच महिन्यात पाहिले आहे.

लस आलीच आहे, हा दुसरा युक्तिवाद. साठ वर्षांवरील नागरिकांचे आणि ४५ वर्षांवरील सहव्याधी असलेल्यांचे लसीकरण १ मार्चला सुरू होत आहे. पहिल्याच दिवशी मात्रा मिळाली तरी दुसरी २८ दिवसांनी, आणि त्यानंतर प्रतिकारशक्ती पुरेशी तयार होण्यास साधारण दोन आठवडे. एप्रिलचा मध्य उजाडतो तो असा, आणि तोही पहिल्याच दिवशी नंबर लागलेल्यांसाठी.

आता वक्त्यांविषयी, माझा खरा आग्रह इथे आहे. पूर्वी पुण्या-मुंबईचा वक्ता आणायचा तर प्रवासखर्च, मुक्काम, शाल-श्रीफळ असा सगळा व्याप असे, त्यामुळे बहुतेक आठवड्यांना जवळचेच कोणी यायचे: पालिकेचे अभियंता, तालुका कृषी अधिकारी, एखादे मुख्याध्यापक. त्यांची भाषणे नेहमी रंगतच असे नाही, आणि पाहुण्यांचा परिचय कधी कधी भाषणाहून लांबत असे. पण नंतर वरण-बट्टीचे ताट हातात घेऊन कोणी तरी हळूच विचारायचे, की वाघूर भरलेले असताना आमच्या गल्लीला पाणी चार दिवसांआड का, आणि अभियंत्यांना तिथल्या तिथे उत्तर द्यावे लागे. माइकवर असे प्रश्न कोणी विचारत नाही. पडद्यावर अंतर उरले नाही, तेव्हा आम्ही थेट दूरच्या नामवंतांकडे वळलो. ताणतणाव, सकारात्मक विचार, यशाची सूत्रे असे विषय टाळेबंदीच्या पहिल्या महिन्यांत धीर देणारे होते, हे खरे. दिवाळीनंतरही तेच चालू राहिले, आणि पाहुणे आपापला पुढचा कार्यक्रम गाठण्यासाठी प्रश्नोत्तरांआधीच निरोप घेऊ लागले.

या वर्षात ऐकण्यासारखे लोक खानदेशातच होते. नंदुरबारच्या जिल्हा रुग्णालयात हवेतून ऑक्सिजन तयार करणारा प्रकल्प उभा राहिला आहे. दाबाखालील हवा झिओलाइटच्या थरांतून जाते, नायट्रोजन तिथे अडकतो आणि सुमारे ९३ टक्के शुद्ध ऑक्सिजन पुढे जातो. हे यंत्र रोज चालवणाऱ्या तंत्रज्ञाकडून त्याचा खर्च आणि अडचणी ऐकल्या, तर आपल्या तालुक्याला असे काही झेपेल का, याचा अंदाज येईल. त्याच जिल्ह्यात नर्मदेतून होडी वल्हवत बालकांपर्यंत आणि गरोदर मातांपर्यंत पोहोचणाऱ्या अंगणवाडी सेविकेची बातमी आपण सर्वांनी वाचली. सातपुड्यात नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून अशा सेविकेचे मनोगत फोनवर आधी ध्वनिमुद्रित करून घ्यावे आणि सभेत ऐकवावे. रावेर-यावलच्या केळीवर गेल्या पावसाळ्यात सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस) हा विषाणूजन्य रोग आला आणि शेतकऱ्यांना उभी झाडे उपटावी लागली. तेव्हा जळगावच्या केळी संशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांना बोलावण्यासाठी याहून योग्य वेळ कोणती?

प्राथमिक आरोग्य केंद्रातील लसीचे शीतकपाट सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यालाही बोलवावे. लस दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते, आणि वीज गेली की काय करायचे हे त्यालाच ठाऊक असते. रोटरीने १९८५ पासून पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये हावडा जिल्ह्यात आढळला आणि मार्च २०१४ मध्ये भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त घोषित झाला. रविवारी बूथवर बसून बालकांच्या बोटाला शाई लावणारे सभासद आजही क्लबांत आहेत. त्यांना या कर्मचाऱ्याचे बोलणे ‘यशाची सूत्रे’पेक्षा लवकर कळेल, आणि वस्तीतील वृद्धांची लसीसाठी ‘कोविन’ संकेतस्थळावर नोंदणी करून देण्याच्या कामी येईल.

वक्त्याला मानधन द्यायला हवे. आशा आणि अंगणवाडी सेविका यांना तर अवश्य द्यावे, निव्वळ स्मृतिचिन्हावर बोळवण करू नये. वर्गणीतील भोजनाची रक्कम शिल्लक असेल तर ती यासाठीच वापरता येईल. सभा बंद असल्याने ज्या आचाऱ्याचे आणि वाढप्यांचे काम गेले, त्यांच्याकडूनच डबे करून घेऊन जिल्हा रुग्णालयाबाहेर ताटकळणाऱ्या नातेवाइकांना देता येतील. पंगत सध्या नको म्हणताना तो आचारी उपाशी राहावा, असे माझे मुळीच म्हणणे नाही.

आणखी एक सुचवावेसे वाटते. हॉटेलच्या सभागृहात जागेची मर्यादा होती, ती पडद्यावर नाही. क्लबांनी वक्त्याचे नाव, विषय आणि सभेची लिंक आदल्या दिवशी आपल्याकडे पाठवावी आणि आपण ती ‘आजचे कार्यक्रम’ या सदरात छापावी, म्हणजे वर्गणी न भरणाऱ्या वाचकांनाही प्रश्न विचारता येतील.

आपला,
एक सभासद, जळगाव
२६ फेब्रुवारी २०२१