सांकरीच्या भाईजींना, बर्फाची खरी खबर दिल्याबद्दल

भाईजी, सप्रेम नमस्कार. उत्तराखंडातलं तुमचं सांकरी गाव म्हणजे केदारकंठा शिखराच्या चढाईचा पायथा.

"केदारकंठ्यावर बर्फ आहे का?" डिसेंबर उजाडला की मुंबई, पुणे, नाशिकहून तुमच्या फोनवर हाच प्रश्न येत राहतो. तुम्ही उत्तरादाखल पाच गोष्टी कळवता. बर्फ कुठे किती खोल आहे, कसा आहे, शेवटचा कधी पडला, रात्री पारा कुठवर उतरला आणि डोंगराच्या धारेवर वारा कुठून आहे. सांकरी ते जूडा का तालाब या वाटेतल्या तळ्यापर्यंत वेगळं, तिथून बेस कॅम्पपर्यंत वेगळं, माथ्याचा चढ वेगळा. आमच्या गटांनी तारखा, सामान आणि निघायच्या वेळा या निरोपांवर ठरवल्या. त्याबद्दल मनापासून आभार. पत्र उघडं लिहितोय ते अशासाठी, की तुम्ही शिकवलेलं आमच्यापाशीच अडून राहू नये.

सह्याद्रीत वाढलेल्या पायांना बर्फ कळत नाही, हे तुम्ही आम्हाला पहिल्यांदा स्पष्ट सांगितलंत. आमचं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटर, आणि तुमचं गावच सुमारे १९०० मीटरवर. पण खरी अडचण उंचीपेक्षा सवयीची. आम्हाला वर जायचं तर नजर आपोआप नाळ शोधते. दोन कड्यांमधली घळ धरून चढणं ही सह्याद्रीतली जुनी रीत आहे. हिवाळी हिमालयात नाळ हीच बर्फ खाली यायची वाट असते. वरचा सगळा उतार तिथेच रिकामा होतो, आणि वाऱ्याने उडवलेला बर्फही तिथेच साठतो. म्हणून डोंगराची सोंड धरा, धार धरा, झाडी असेल तिथून चढा, हा तुमचा आग्रह. सुट्या दगड-मातीच्या घसाऱ्यावरून भराभर उतरण्याचं आमचं कसबही इथे घात करतं. घसाऱ्यात पाय थोडा सरकून थांबतो. गोठलेल्या बर्फावर सरकलेला पाय थांबत नाही.

खोलीबद्दल. तुमच्या काठीवर दर १० सेंटिमीटरला खूण आहे आणि एका जागी तुम्ही ती तीनदा रोवता, काही पावलं सोडून. कारण वारा एका ठिकाणचा बर्फ खरवडून दुसरीकडे टाकतो, आणि एकाच मापावर विसंबलं तर घोट्याएवढा वाटलेला बर्फ वळणापलीकडे मांडीला लागतो. घोट्यापर्यंत असेल तर चाल नेहमीची. गुडघ्यापर्यंत ताजा असेल तर वेळ दुप्पट धरायचा. मांडीपर्यंत असेल आणि वाट मोडायला, म्हणजे पुढे राहून बर्फ तुडवत वाट पाडायला, पुरेशी माणसं नसतील, तर तिथूनच परतायचं. वाट मोडणारा दर १० मिनिटांनी बदलायचा, आणि त्याने पाऊल गटातल्या सर्वांत बुटक्या माणसाच्या ढांगेइतकंच टाकायचं. उंच माणूस लांब ढांगा टाकत पुढे गेला की मागच्या प्रत्येकाला स्वतःची वाट नव्याने मोडावी लागते.

खोलीहून महत्त्वाचा आहे बर्फाचा प्रकार, आणि याबाबतीत तुमचे निरोप सोन्यासारखे आहेत. ताजा, पिठासारखा बर्फ दमवतो, पण सहसा पाडत नाही. ऊन लागून वर पापुद्रा धरलेला बर्फ फसवा: चार पावलं तोलतो, पाचव्याला फुटतो आणि नडगी सोलते. देवदाराच्या बुंध्याभोवती आणि मोठ्या धोंड्यांच्या कडेला बर्फ पोकळ असतो, म्हणून बुंध्याला हात टेकायच्या मोहाने तिकडे वळायचं नाही. ओढ्यावरच्या बर्फाखालून पाण्याचा आवाज आला तर आधी काठी रोवून पाहायची, मगच पाऊल. जूडा का तालाब गोठला की फोटोसाठी त्यावर उतरायची घाई होते. काठाशी जाड दिसणारा थर मध्ये तसाच असेल याची खात्री नसते, आणि वरून पडलेला बर्फ तडे झाकून टाकतो. तुम्ही कुणालाच त्यावर जाऊ देत नाही, ते बरोबरच करता.

सर्वांत जास्त माणसं मात्र पाल्यावर पडतात. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठून वाटेवर काचेसारखा पातळ थर धरतं, त्याला तुमच्याकडे पाला म्हणतात. तो खालच्या टप्प्यातही असतो, देवदाराच्या सावलीत, उत्तरेकडच्या उतारावर, जिथे "अजून बर्फच लागला नाही" म्हणत लोक बेसावध असतात. खेचरांच्या खुरांनी चिखल झालेली वाट रात्री गोठली की ढेकळांची होते आणि त्यावर घोटे मुरगळतात. तुमचा निरोप येतो, "पहिल्या तासातच पाला, स्पाइक (बुटावर चढवायचे काटे) पिशवीच्या वरच्या कप्प्यात ठेवा," आणि तेवढ्याने गटातले दोन-तीन मनगटाचे अस्थिभंग टळतात.

या मायक्रोस्पाइकबद्दल तुम्ही जे सांगितलंत ते दुकानात कुणी सांगत नाही. घरीच स्वतःच्या बुटावर चढवून पाहायचे. रबर चारही बाजूंनी सारखं ताणलेलं हवं, साखळ्या तळव्याच्या मधोमध. सैल असतील तर आडव्या वाटेवर बूट एका बाजूला आणि स्पाइक दुसऱ्या बाजूला जातात. चालताना टाच आधी टेकायची नाही. सगळे काटे एकदम रुतावेत असं पूर्ण पाऊल सपाट टाकायचं. ओलसर बर्फ साखळीत गोळा होऊन तळाशी लाडू बनतो. मग काटे बर्फाला लागतच नाहीत. दर काही पावलांनी काठीने बुटाच्या कडेवर ठोकून तो पाडायचा. साखळी तुटते, म्हणून प्लॅस्टिकच्या चार-सहा बंद-पट्ट्या (झिप-टाय) खिशात. गेटरचा, म्हणजे बुटात बर्फ जाऊ नये म्हणून नडगीवर चढवायच्या आवरणाचा, पट्टा तळव्याखालून, टाचेच्या पुढे, आणि त्याचं बक्कल नेहमी बाहेरच्या बाजूला, नाहीतर दुसऱ्या पायाचा काटा त्यात अडकतो. आणि काठीला खालची रुंद चकती हवी. ती नसली तर काठी बर्फात मुठीपर्यंत जाते.

चढावर पावठ्या मारायला तुम्ही शिकवलंत. खोदीव पावठ्यांवरून चढायची सवय आम्हाला आहे, पण इथे त्या स्वतः पाडाव्या लागतात. बुटाचा पुढचा भाग दोन-तीनदा त्याच जागी मारायचा, अर्धा तळवा बसेल एवढी पायरी झाली की मगच वजन टाकायचं. उतरताना उलट, टाच रोवत, गुडघे किंचित वाकवून, वजन पुढे ठेवून. घाबरून मागे झुकलं की टाच निसटते.

आणि बसून घसरणं. हे आम्हाला आवर्जून लिहायचं आहे, कारण महाराष्ट्रातून येणारे गट यात सर्वांत पुढे असतात. काटे पायात असताना घसरलं तर काटा बर्फात रुततो, शरीर पुढे जातं आणि घोटा किंवा नडगी मोडते. घसरायचंच तर काटे काढून, खाली सपाट मोकळी जागा दिसत असेल तरच, आणि चालायच्या वाटेपासून लांब. वाटेवरच घसरगुंडी केली की ती घासून गुळगुळीत होते, रात्री गोठते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारात चढणाऱ्यांना तिथे पाय ठेवता येत नाही. तुमच्या माणसांना मग फावड्याने पायऱ्या पुन्हा कोराव्या लागतात. इतरांच्या वाटेची अशी नासाडी आम्ही आमच्या गटांत बंद केली आहे.

हवेचा अंदाज तुम्ही आभाळावरून सांगता, आणि आम्ही तो हवामान खात्याच्या अंदाजाशी ताडून पाहतो. हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी झंझावाताबरोबर येतो. आधी उंचावर पिंजलेल्या कापसासारखे ढग, चंद्राला खळं, रात्र नेहमीपेक्षा उबदार. झंझावात सरला की आभाळ लख्ख निळं होतं आणि थंडी एकदम वाढते. नेमका हाच निळा दिवस लोकांना माथ्याकडे ओढतो. मोठ्या हिमवर्षावानंतर पहिले २४ ते ४८ तास नव्या बर्फाची जुन्याशी पकड बसलेली नसते. हिमस्खलन बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर होतं, म्हणजे चढायला मजा वाटते त्याच उतारावर. पावलाखाली "धप्प" असा पोकळ आवाज आला, किंवा पावलापासून लांबवर तडा गेला, तर तो इशारा आहे आणि तो दुसऱ्यांदा मिळेलच असं नाही. अशा उतारावर जाऊच नये. परतीचा दुसरा मार्गच नसेल तर एकेकाने, पिशवीचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडून, काठीच्या दोऱ्या मनगटातून काढून ओलांडायचं, बाकीच्यांनी त्याच्यावर नजर खिळवून ठेवायची. गाडला गेलेला माणूस वाचायला पहिली १०-१५ मिनिटंच हातात असतात. चंडीगडची डीजीआरई ही संरक्षण संशोधन संस्था उत्तरकाशीसह पहाडी जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. निघण्यापूर्वी ते पाहावेत. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी तुमच्याच जिल्ह्यात द्रौपदी का डांडा शिखरावर गिर्यारोहणाचे प्रशिक्षक आणि प्रशिक्षणार्थीही हिमस्खलनातून सुटले नाहीत. केदारकंठ्याला "सोपा ट्रेक" म्हणणाऱ्यांना तुम्ही हेच शांतपणे ऐकवता.

थंडीचा हिशोबही तुम्हीच दिलात. दर १००० मीटरला सुमारे साडेसहा अंश. सांकरी ते ३८०० मीटरचा माथा म्हणजे जवळपास १२ अंशांचा फरक. गावात दुपारी २ अंश असतील तर माथ्यावर उणे १०, आणि ताशी ३० किलोमीटरचा वारा असेल तर अंगाला ते उणे २० सारखं लागतं. (निरभ्र, स्थिर रात्री थंड हवा दरीत उतरून साचते, तेव्हा हा हिशोब चुकतो. तेही तुमच्याकडूनच कळलं.) सुती कपडे घरी. मोज्यांचे तीन-तीन जोड घालून बूट घट्ट करणं ही आमच्याकडची जुनी चूक. रक्त अडतं आणि बोटं आधी गार पडतात. एक पातळ, एक लोकरी आणि बुटात बोटं हलतील एवढी जागा, बस. बोटं पांढरी, बधिर झाली तर बर्फाने चोळायची नाहीत, शेकोटीवर धरायची नाहीत. काखेत किंवा दुसऱ्याच्या पोटाशी धरायची. पुन्हा गोठायची शक्यता असेल तर पूर्ण उब देण्याची घाईही करायची नाही, कारण दुसऱ्यांदा गोठलेलं बोट वाचवणं कठीण.

पाण्याची बाटली उलटी ठेवा. बर्फ वरून धरतो, म्हणजे तळाशी धरेल आणि तोंड मोकळं राहील. बर्फ वितळवताना भांड्यात आधी कपभर पाणी, नाहीतर तळ करपतो. १० लिटर भुसभुशीत बर्फाचं जेमतेम लिटरभर पाणी होतं, इंधन त्या हिशोबाने. तंबूत स्टोव्ह किंवा अंगीठी कधीही नाही, त्यातून निघणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो. गॉगल ढगाळ दिवशीही, कारण ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो आणि डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग कित्येक तासांनी, रात्री तंबूत सुरू होते.

माथ्याच्या चढाबद्दल थोडं. पहाटे ३ वाजता निघायचं ते केवळ सूर्योदयासाठी नाही. त्या वेळी बर्फ घट्ट असतो, काटे नीट धरतात, आणि ऊन चढून तो मऊ व्हायच्या आत उतरता येतं. डिसेंबरअखेरच्या गर्दीत या तीव्र चढावर रांग लागते, अर्धा अर्धा तास उभं राहावं लागतं. घामेजलेलं अंग तिथे झपाट्याने गार पडतं, म्हणून पिसांचं जाकीट पिशवीच्या तळाशी न ठेवता हाताशी. स्वर्गारोहिणी आणि बंदरपूंछ ही शिखरं समोर उजळत असताना "फिरा" म्हणणं फार अवघड असतं. तुम्ही ते म्हणता. कुणाचे शब्द अडखळू लागले, कुणी सरळ रेषेत चालेना, कुणी थंडी वाजणंच थांबलं म्हणून बरं वाटतंय असं सांगू लागलं, की तुम्ही कारण न सांगता त्याला उतरवता, सोबत एक माणूस देऊन. तुमच्या या कठोरपणाबद्दल आमच्या घरच्यांकडूनही आभार.

आता आमच्याकडून. उतरल्यावर प्रत्येक गट तुम्हाला त्याच पाच गोष्टी, जागा आणि वेळेसह कळवेल, म्हणजे मागून येणाऱ्यांसाठी तुमचा निरोप अधिक नेमका होईल. माथा न गाठता परतलो तरी वाटाड्यांची आणि हमालांची मजुरी ठरल्याप्रमाणे पूर्ण दिली जाईल. पैसे कापले जातील या धास्तीने कुणाला पुढे जावं लागू नये. वाट मोडणाऱ्या मुलांच्या पायांत अजून साधे रबरी बूट आहेत. त्यांची मापं कळवा. बूट, गेटर आणि स्पाइक नोव्हेंबरच्या आत सांकरीला पोचतील.

तुमचे,
सह्याद्रीतले डोंगरभटके