‘राजपूत’ एक नव्हे, दोन

महोदय,

नौदल दिन जवळ आला की 1971 च्या युद्धात बुडालेल्या ‘गाझी’ या पाकिस्तानी पाणबुडीवरच्या लेखांसोबत हमखास क्षेपणास्त्रवाहू ‘राजपूत’चे छायाचित्र छापले जाते. ती विनाशिका सोव्हिएत बनावटीची, 1980 मध्ये दाखल झालेली आणि 2021 मध्ये निवृत्त झालेली. 1971 ची ‘राजपूत’ वेगळी.

ती मुळात ब्रिटिश नौदलाची ‘रॉदरहॅम’. क्लाइडबँकच्या जॉन ब्राउन गोदीत बांधलेली, 1942 मध्ये सेवेत आलेली. चार 4.7 इंची तोफा, आठ टॉर्पेडो नळ्या आणि 40 हजार अश्वशक्तीची टर्बाइने. या वर्गाच्या जहाजांत अधिकाऱ्यांच्या खोल्या शेपटाकडून जहाजाच्या मध्याकडे आणल्या; कारण खवळलेल्या समुद्रात शेपटाकडून उघड्या डेकवरून ब्रिजपर्यंत, म्हणजे जहाज चालवण्याच्या जागेपर्यंत, पोहोचणे जिवावरचे काम असे. 1949 मध्ये ती भारताकडे आली. ‘रणजित’ आणि ‘राणा’ या तिच्याच वर्गातल्या.

1971 मध्ये आपण विमानवाहू ‘विक्रांत’ असल्याचे भासवणारे बिनतारी संदेश हिनेच धाडले. 3 डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास विशाखापट्टणमबाहेर पडताना तिने दोन डेप्थ चार्ज, म्हणजे पाणबुडीविरोधी स्फोटकांची पिंपे, टाकले. असे पिंप ठरवलेल्या खोलीवर पाण्याच्या दाबाने फुटते. उथळ पाण्यात टाकून जहाजाने वेगाने दूर व्हायला हवे, नाहीतर स्वतःच्याच शेपटाला हादरा बसतो. ‘गाझी’ या डेप्थ चार्जनेच बुडाली की आतल्या स्फोटाने, यावर दोन्ही देशांत मतभेद आहेत, आणि तेही लेखांत यायला हवेत. निदान छायाचित्र तरी तोफा आणि टॉर्पेडोवाल्या जहाजाचे छापा!

— एक वाचक, मुंबई