त्याच पडद्यावर

मॅडम, सप्रेम नमस्कार.

पत्र लिहू का म्हणून विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लिहा खुशाल, पण माझी जाहिरात नको." म्हणून तुमचं नाव घालत नाही. माझंही नको, परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचा बँकेचा शाखाधिकारी, एवढ्यावर भागेल.

आपलं ऑनलाइन समुपदेशनाचं पहिलं सत्र तुम्हाला आठवत असेल. रात्रीचे साडेआठ, जिनिंगच्या भिंतीलगत कडुलिंबाखाली उभी केलेली गाडी, डॅशबोर्डला टेकवलेला फोन. तुमचा चेहरा दिसला, माझी पाठ ताठ झाली आणि तुम्ही काही विचारायच्या आत मी शाखेचे आकडे सांगायला लागलो. ठेवी इतक्या, थकबाकी इतकी, या आठवड्यात नोटिसा इतक्या. पडद्यावर चौकटीत माणूस दिसला की माझ्या अंगाला एकच गोष्ट ठाऊक होती, ती म्हणजे सोमवारची व्हीसी, वरच्या साहेबांची व्हिडिओवरची बैठक. चाळीस शाखाधिकारी चाळीस चौकटींत, आणि ज्याची वसुली कमी त्याला सगळ्यांदेखत उभा-आडवा घ्यायचे.

तुम्ही आकडे ऐकून घेतलेत आणि विचारलंत, "मी तुमची साहेब वाटतेय का?" मग म्हणालात, कॅमेरा बंद करू या. पहिली दोन सत्रं आपण नुसत्या आवाजावर केली. तिसऱ्यापासून कॅमेरा पुन्हा सुरू, पण फोन लांब. "चेहऱ्यावरून तुमचं मला काही कळत नाही, हात दिसू देत." तेव्हा माझं मलाच दिसलं, की बोलता बोलता मी पेनाची क्लिप वाकवून वाकवून तोडली होती.

इथे कोणाकडे जाता आलं नसतं असं नाही. पण बँकेच्या साहेबांची गाडी मनाच्या डॉक्टरांच्या दारात अर्धा तास दिसली, तर संध्याकाळपर्यंत टपरीवर चर्चा. शिवाय दर आठवड्याला अर्ध्या दिवसाची रजा कोण देतो?

त्या पहिल्याच रात्री तुम्ही विचारलंत, गाडी नेमकी कुठे आहे, आसपास कोणाला ऐकू जातं का, रेंज गेली तर कोणत्या नंबरवर लावू, आणि वेळ आलीच तर तुमच्यापर्यंत पाच मिनिटांत पोचेल असा माणूस कोण. मला केवायसी आठवलं आणि हसू आलं. पुढच्या प्रश्नाला ते गेलं. "मरून जावं असं मनात येतं का?" इतक्या सरळ मराठीत मला ते कोणी विचारलं नव्हतं. येतं, म्हणालो. मेलो तर सुटेन, एवढंच. पुढचं काही ठरवलंय का, तेही तुम्ही आवाज न बदलता विचारलंत. ठरवलं नव्हतं. तरी माझ्याकडून टेली-मानसचा १४४१६ नंबर फोनमध्ये घालून घेतलात. मनाच्या त्रासासाठी ऑक्टोबर २०२२ पासून ही सरकारी सेवा आहे, रात्रंदिवस, फुकट, मराठीतसुद्धा. मी तो एकदा लावला होता. पहाटे पावणेतीनला. तुम्हाला हे आज कळतंय.

छातीत आवळतं म्हटल्यावर सगळे म्हणायचे, टेन्शनचं आहे. मीही तेच म्हणायचो. तुम्ही एकट्या म्हणालात, "मी इथून तुमची नाडी बघू शकत नाही. आधी ईसीजी काढा, मग बोलू." ईसीजी ठीक निघाला, रक्तदाब मात्र १५६/९८. गोळी सुरू झाली ती तुमच्यामुळे.

आणि तो 'च'. हप्ता ९० दिवस थकला की खातं एनपीएत, म्हणजे थकीत कर्जांत जातं. सोयाबीनसारख्या कमी मुदतीच्या पिकाच्या कर्जाला दोन हंगाम धरतात. पाऊस माझ्या हातात नाही, पण व्हीसीत उत्तर माझं. हे सगळं मी तावातावाने सांगितल्यावर तुम्ही मला ते तीन वाक्यांत लिहायला लावलंत. वसुली झालीच पाहिजे. माझ्याकडून चूक होताच कामा नये. साहेबांनी माझं ऐकलंच पाहिजे. मग म्हणालात, प्रत्येक 'च'भोवती गोल करा. अल्बर्ट एलिस नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात ही विचारपद्धत मांडली, हे तुम्ही ओघात सांगितलंत. त्यांना तिकडे 'मस्ट' असा अख्खा शब्द लागतो, आपलं एका अक्षरात भागतं.

मी तेव्हा चिडलो होतो. "मग सोमवारी सांगू का, मॅडम म्हणाल्या 'च' काढा?" तुम्ही हसलात. "साहेबांचा 'च' तुम्हाला काढता येणार नाही. तुमचा तुम्ही बघा." आणि त्याच दमात हेही म्हणालात, की अवास्तव टार्गेट अवास्तवच असतं, श्वासाच्या व्यायामाने ते बरोबर ठरत नाही. मला सगळ्यात जास्त आभार याचे मानायचे आहेत. तोवर जो भेटला त्याने मलाच दुरुस्त करायला घेतलं होतं: ध्यान करा, पहाटे उठा, सकारात्मक राहा.

रात्रीच्या झोपेचं तुम्ही माझ्याच बँकेच्या भाषेत सांगितलंत, "तुमचा डे-एंड होत नाहीये." म्हणजे दिवसाचा हिशेब बंदच होत नाही. तेव्हापासून साडेसहा ते सात वही. त्या अर्ध्या तासात काय काळजी करायची ती करायची, लिहायची, उरलेल्या नोंदी उद्यावर टाकायच्या. पहिले दहा दिवस काही झालं नाही, दोनदा मी वही भरल्याचं खोटंही सांगितलं. आता महिन्यातले चार-पाच दिवस सोडले तर झोप लागते. मार्चएंडला नाही लागली. मार्चएंडला कोणालाच लागत नाही.

बायकोला सांगायला मी सहा आठवडे घेतले. तिचा नंबर तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून होता, पण तिला पत्ता नव्हता. सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली, मग रडली, मग म्हणाली, "दर गुरुवारी गाडीत बसून कुठल्या बाईशी हळू आवाजात बोलताय म्हणून मी जिवाला किती घोर लावून घेतला." हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही तुमचा कॅमेरा क्षणभर बंद केलात. हसत होतात, माहीत आहे मला.

व्हीसी अजून सोमवारीच असते. मागच्या वेळी माझं नाव आलं, मी आकडा सांगितला, पाऊस किती पडला ते सांगितलं, बोलणी खाल्ली. नंतर पाहिलं तर पेन शाबूत होतं.

पुढचं सत्र तीन महिन्यांनी. कडुलिंबाखाली आता रसवंती आली आहे, घुंगरांच्या आवाजात तुम्हाला काही ऐकू जायचं नाही. तेव्हा घरातूनच बसेन. बायको म्हणते, दार लोटलं तरी चालेल, कडी नको.

आपला,
गुरुवार, साडेआठ