माळ्यावरची ट्रंक विकू नका, मी येतेय

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोन ठेवायला विसरलात तुम्ही आणि मावशीला सांगताना ऐकलं मी, "चिमी फोर्टात असते, रद्दीचंच दुकान, पण एसी आहे." बरोबरच आहे म्हणा, जुन्या दुर्मिळ पुस्तकांचं दुकान ते. फरक एवढाच की रद्दीवाला वजन करतो आणि आम्ही पानं मोजतो. खरंच, माझं निम्मं काम तेच, पहिल्यापासून शेवटपर्यंत एकेक पान, नकाशे, चित्रं, सगळं, कारण एक नकाशा कमी निघाला की किंमत धाडकन खाली. काल ४१२ पानांचं पुस्तक मोजताना २९० ला आईचा "जेवलीस का" फोन आला, परत १ पासून सुरू.

आठवड्यातून एक तरी जण विचारतो, आमच्याकडे १८५७ चा मोल्सवर्थ, म्हणजे तो जुना मराठी-इंग्रजी शब्दकोश, आहे, किती लाख येतील? मी विचारते कागद कसा आहे, तर "अगदी नवाकोरा!" तिथेच संपतं हो. दुसरी आवृत्ती १८५७ चीच, पण १९७५ ला पुण्यात ती जशीच्या तशी परत छापली ना, तीच असते घरोघरी. एक काका तर डोंबिवलीहून टॉवेलात गुंडाळून घेऊन आले होते, बाळ आणावं तसं, त्यांना सांगताना माझाच घसा बसला. चहा पाजून पाठवलं.

आणि हो, पांढरे हातमोजे वगैरे घालत नाही आम्ही, ते सिनेमात. मोज्यात बोटांना कागद कळत नाही, पान फाटतं. हात धुवायचे, पुसायचे, बास. आई, तू पोथी उघडायच्या आधी करतेस तेच, फक्त माझ्या हाताला कुंकू नसतं.

एक गोष्ट सांगितली नव्हती. पहिल्याच आठवड्यात मी एका पुस्तकातली पेन्सिलची घाण रबराने चकाचक केली. ती घाण म्हणजे आधीच्या मालकाच्या नोंदी होत्या, आणि गिऱ्हाईक त्या नोंदींसाठीच घेणार होतं. शेठ ओरडले नाहीत, फक्त चार वाजता सगळ्यांना चहा आला आणि मला नाही. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

आता मुद्द्याचं. दादा म्हणाला तुम्ही माळा साफ करायला काढलाय. आजोबांच्या ट्रंकेत लाल फडक्यातल्या पोथ्या आहेत, त्या शिळाप्रेसवर, म्हणजे दगडावरून, छापलेल्या आहेत की हाताने लिहिलेल्या ते मला बघायचंय. हाताने लिहिलेल्या आणि ७५ वर्षांहून जुन्या, महत्त्वाच्या निघाल्या तर १९७२ च्या कायद्याने देशाबाहेर नेता येत नाहीत, त्यामुळे अमेरिकेतल्या चुलत भावाला "आठवण म्हणून" देऊन टाकू नका प्लीज. कसर लागली असेल तरी उन्हात घालू नका, डांबरगोळ्या टाकू नका, नुसतं झाकून ठेवा. आणि बाबा, गेल्या गणपतीत तुम्ही ज्ञानेश्वरीला सेलोटेप लावलात, तो अजून माझ्या स्वप्नात येतो. पाच-दहा वर्षांनी तो पिवळा पडतो, गोंद कागदात उतरतो आणि काढायला गेलं की अक्षरं सोबत येतात.

शनिवारी रात्रीच्या गाडीने निघतेय. शिडी काढून ठेवा पण बाबांनी चढायचं नाही, आणि आई, सेलोटेप तुझ्या तांदळाच्या डब्यात लपव, तिथे ते बघत नाहीत.

तुमची,
चिमी

ता. क. पोहे कर. आणि ट्रंकेची किल्ली देवघरात शंखाखाली आहे, मीच ठेवली होती.