बाप्तिस्म्याआधीचा हिशेब

संपादक महोदय,

सुवार्ता, म्हणजे येशूचा शुभसंदेश, नाकारणाऱ्याचे 'मन कठीण आहे' असे आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये (चर्चमध्ये) सर्रास म्हटले जाते. हा त्या माणसावर अन्याय आहे.

आधी शब्दच पाहा. जन्ममरणाचा फेरा चुकावा म्हणून देवाला आळवणाऱ्याला 'नव्याने जन्म घ्या' ही हाक उलटीच ऐकू येते. त्याच्या लेखी पाप म्हणजे हातून घडलेले वाईट कृत्य. 'मी कुणाचे वाईट केले नाही, मग पापी कसा?' हा त्याचा प्रश्न प्रामाणिक असतो. 'तारण' (आमच्या लेखी पापातून सुटका) तर त्याने बँकेच्या 'सोनेतारण कर्ज' या पाटीवरच वाचलेले असते. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक अभंग-कीर्तनाकडे वळले ते उगीच नव्हे. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा (ख्रिस्ती होण्याचा जलविधी) घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना मात्र पुढे काही वर्षे लागली. सोवळेओवळे, माहेर, जात हे सारे एका प्रवचनाने सुटत नाही.

मग घर. आमच्यामागे पिंड कोण देणार, ही आईवडिलांची धास्ती खरी असते. धर्म बदलला की वाटणी जाते, हा समज मात्र चुकीचा आहे. १८५० च्या कायद्यापासून धर्मांतरिताचा वारसाहक्क शाबूत आहे. अडचण पुढच्या पिढीची. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २६ नुसार धर्मांतरानंतर झालेली मुले, नातेवाईक वारल्यावर वारसा खुला होताना हिंदू नसतील, तर हिंदू नातेवाइकांच्या मालमत्तेला मुकतात.

सर्वांत मोठी किंमत दलित कुटुंब मोजते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशातील तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती अजूनही बाहेर आहेत. बाप्तिस्म्यासोबत या दर्जाची शिष्यवृत्ती आणि राखीव जागा जाते, अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षणही. गावातला विटाळ मात्र जात नाही. आदिवासींचा दर्जा धर्मांतराने जात नाही, हेही अनेकांना ठाऊक नसते. मुलीचे कॉलेज डोळ्यांसमोर असलेला बाप प्रार्थनेला येतो आणि बाप्तिस्म्यापाशी थांबतो, त्याला भित्रा म्हणू नये.

बुरूज बांधण्याआधी बसून खर्चाचा हिशेब करा, असे येशूनेच सांगितले आहे (लूक १४:२८). म्हणून मंडळ्यांनी बाप्तिस्म्याच्या तयारीत दोन बैठका राखून ठेवाव्यात: एक आईवडिलांसोबत, त्यांच्याच घरी, दुसरी जातीचा दाखला आणि सातबारा समोर ठेवून, वकिलासोबत.

– एक वाचक, अहिल्यानगर